कुकर लावता येतो ना? मग जेवणही करता येतं!

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. "हल्लीच्या सुनांना रात्री चार पोळ्या लाटायचा कंटाळा. खिचडी टाकली की झाला स्वयंपाक!" खाली हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग. दोन-तीन काकांनी "अगदी खरंय" म्हणून अंगठे दिले. एका काकूंनी "आमच्या वेळी असं नव्हतं हो" अशी भर घातली. मी उत्तर लिहायला घेतलं तर अ‍ॅडमिन म्हणाले, ग्रुपवर वाद नको. ठीक. तिथे नको तर इथे. ही माझी भिंत आहे आणि इथे वाद चालतो.

मी डोंबिवलीकर. नोकरी मुंबईत, म्हणजे सीएसएमटीच्या अलीकडे-पलीकडे. फास्ट लोकल वेळेवर असली तरी जायला तासाभराहून जास्त, यायला तेवढंच. ती वेळेवर नसते हे तुम्हाला सांगायला नको. सहाला ऑफिस सुटलं तर घराच्या दारात पोचेपर्यंत पावणेआठ. आमच्या लेडीज डब्यात तुम्ही कधी आला नसाल, म्हणून सांगते. ठाणं गेलं की पिशव्या उघडतात. कुणी मेथी निवडतंय, कुणी मटार सोलतंय, कुणी गवारीच्या शिरा काढतंय. बाहेरून बघणाऱ्यांना याचं फार कौतुक. "मुंबईच्या बायका किती मेहनती!" म्हणून फोटो छापून येतात. मला त्या फोटोत कौतुकाचं काही दिसत नाही. दहा तास घराबाहेर राहिलेल्या बाईची रात्रीच्या स्वयंपाकाची ड्यूटी घरी पोचायच्या आधीच सुरू झालेली दिसते. मधल्या डब्यात तिचा नवरा त्याच वेळी मोबाईलवर मॅच बघत उभा असतो. त्याच्या पिशवीत मेथी नसते.

तर मुद्दा खिचडीचा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे अर्ध्यावर वाचून कमेंट करणाऱ्यांची सोय होईल. सोमवार ते शुक्रवार रात्रीचं जेवण एका भांड्यात व्हावं. आणि ते घरातल्या बाईला सोपं जावं एवढ्यासाठी नाही. ते घरातल्या कुणालाही करता यावं, म्हणून.

आता सविस्तर.

"साधंच तर असतं जेवण, पोळी-भाजी, वरण-भात." हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. एकदा हे साधं जेवण मोजून बघू. मी मंगळवारी रात्री ओट्याजवळ उभं राहून भांडी मोजली. परात, पोळपाट, लाटणं, तवा, उलथनं, पोळ्यांचा डबा. कढई आणि तिच्यावरची झाकणी. कुकर, आतले दोन डबे, वरणाचं पातेलं, फोडणीचं कढलं. सुरी, किसणी, कोशिंबिरीचं वाडगं आणि तीन डाव-पळ्या. जेवायची ताटं-वाट्या सोडून एकोणीस. चार माणसांच्या साध्या जेवणाला एकोणीस भांडी! त्यात गॅसच्या दोन शेगड्या, एकावर तवा म्हणजे दुसऱ्यावर कुकर आणि भाजीची पाळी. भाजी चिरणं, कणीक मळणं, ती मुरेपर्यंत कोशिंबीर, मग पंधरा पोळ्या. पोळ्या करताना जागचं हलता येत नाही हे लक्षात घ्या. एक तव्यावर, एक पोळपाटावर. मागून पोरगं वही घेऊन आलं तरी मान वळवता येत नाही.

चौरस ताटाला माझा विरोध नाही. रविवारी करू, सणाला करू, पाहुणे आले की करू. हौसेने करू. पण हे ताट जमलं ते अशा घरांत, जिथे स्वयंपाकघरात एका वेळी तीन-चार बायका असायच्या. एक चिरायची, एक लाटायची, एक भाजायची, आजी फोडणी सांगायची. त्यातली कुणी आठ-सव्वीसची लोकल पकडत नव्हती. आता त्या तीन-चार बायकांचं काम एका बाईवर आलंय, तिला वर नोकरी आहे, आणि ताट मात्र तेच हवंय. काकू, "आमच्या वेळी असं नव्हतं" हे अगदी बरोबर. तुमच्या वेळी तुमच्या सासूबाई आणि दोन जावा होत्या.

कुणी म्हणेल, ही एका बाईची कुरकुर. तर सरकारी आकडे बघा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर पाहणी केली होती, माणसं चोवीस तास कशात घालवतात याची. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. जे करतात त्यांचा दिवसाचा सरासरी वेळ बायकांचा २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. म्हणजे चारातल्या तीन पुरुषांनी त्या दिवशी घरातल्या कामाला हातच लावला नव्हता. आणि ज्या एकाने लावला, त्याचाही वेळ बाईच्या एक तृतीयांश. २०२४ मध्ये हीच पाहणी पुन्हा झाली. बायका २८९ मिनिटं, पुरुष ८८. पाच वर्षांत तिची १० मिनिटं वाचली आणि त्याने स्वतःची ९ वाचवली! मिक्सर आले, निवडलेल्या भाज्या आल्या, घरपोच किराणा आला. जे काही वाचलं ते दोघांचंही वाचलं, वाटणी मात्र तिथेच राहिली.

याच आकड्यांची दखल सर्वोच्च न्यायालयानेही घेतली होती. जानेवारी २०२१ मध्ये एका अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाला मोल आहे आणि भरपाई ठरवताना ते धरलं पाहिजे. बाई अपघातात गेल्यावर तिच्या पोळ्यांची किंमत रुपयांत होते. ती जिवंत असताना खिचडी टाकली तर टोमणे.

आणि या खिचडीचीच गंमत बघा. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्लीत वर्ल्ड फूड इंडिया नावाचा मोठा सोहळा झाला. तिथे शेफ संजीव कपूर यांच्या देखरेखीखाली एका अवाढव्य कढईत ९१८ किलो खिचडी शिजवली, गिनीज बुकात नोंद झाली. खिचडी राष्ट्रीय पदार्थ होणार अशी बातमी उठली, मंत्र्यांना खुलासा करावा लागला. टीव्हीवर दिवसभर खिचडीचे गोडवे. म्हणजे दिल्लीत एकाच कढईत शिजली की देशाचा अभिमान, आणि आमच्या डोंबिवलीत मंगळवारी रात्री एकाच कुकरमध्ये शिजली की "आज फक्त खिचडीच?" या 'फक्त' आणि 'च' मध्ये जे बसलंय ना, त्याच्याशी माझं भांडण आहे.

एका भांड्यात जेवण करणं ही काही परवा इंटरनेटवरून आलेली फॅशन नाही. वरणफळं कुणाची? काही घरांत त्यांनाच चकोल्या म्हणतात. विदर्भातला गोळाभात, नगरकडची कुळथाची शेंगोळी, वऱ्हाडातली उकडपेंडी, लग्नातला मसालेभात, सगळं आपल्याच आज्यांनी केलेलं. शेतावरून उशिरा येणारी बाई काय करत होती? चुलीवर एक भांडं चढवत होती. कुणी तिला आळशी म्हटलं नाही. आज त्याच पदार्थाला रीलवर 'वन पॉट मील' म्हटलं की लाखभर लाइक, आणि घरात केलं की कामचुकारपणा.

या रीलवाल्यांनाही दोन शब्द सुनवायचे आहेत. "पंधरा मिनिटांत डिनर तयार!" असं म्हणताना कॅमेऱ्यासमोर काचेच्या दहा वाट्यांमध्ये सगळं चिरून, सोलून, मोजून ठेवलेलं असतं. ते कुणी चिरलं? त्या दहा वाट्या कुणी घासल्या? शिवाय एक तवा म्हणजे कमी काम, असंही नाही. थालीपीठ एकाच तव्यावर होतं, पण चार माणसांची आठ थालीपीठं म्हणजे पाऊण तास तव्यापुढे उभं. धिरड्यांचं तेच. माझी कसोटी वेगळी आहे. भांडं एकच हवं, आणि झाकण लावल्यावर ओट्यापासून लांब जाता आलं पाहिजे. पोराचा अभ्यास घेता आला पाहिजे, किंवा नुसतं पाय पसरून बसता आलं पाहिजे. हो, नुसतं बसणं हेही एक काम आहे. नवऱ्यांना ते छान जमतं.

आता मूळ मुद्द्यावर येते.

घरातल्या कुठल्याही पुरुषाला विचारा, तुम्ही स्वयंपाकात मदत करता का? उत्तर ठरलेलं: "करतो की, कुकर लावतो!" हे वाक्य मी इतक्या घरांत इतक्या अभिमानाने ऐकलंय की त्याचं आता बोधचिन्ह करायला हरकत नाही. पुढे विचारलं, मग एखाद्या दिवशी पूर्ण जेवणच करा ना, तर लगेच: "पोळ्या येत नाहीत ना मला." झालं. विषय संपला. पोळी हे आपल्या स्वयंपाकघराचं कुलूप आहे. गोल, मऊ, पदर सुटलेली पोळी यायला वर्षं लागतात, हे खरं. मुलींना ती वर्षं दहाव्या-बाराव्या वर्षापासून मिळतात आणि मुलांना मिळत नाहीत, हेही तितकंच खरं. रात्रीच्या जेवणात पोळी हवीच असा नियम असला की ते जेवण करू शकणारं माणूस घरात एकच उरतं. नियम बाजूला ठेवा, कुलूप उघडतं.

हॉकिन्स आणि प्रेस्टीज हे दोन्ही कुकर भारतात १९५९ च्या सुमाराला आले. हॉकिन्स तर आपल्या शेजारी ठाण्यातच बनतो. साठ-पासष्ट वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आपले पुरुष त्याचं झाकण लावायला शिकले. आता फक्त एवढंच शिकायचंय की त्याच कुकरमध्ये आधी फोडणी करता येते. भाऊ, कुकर लावता येतो ना? मग जेवण करता येतं. मध्ये फक्त एक कांदा आहे.

कसं ते लिहूनच देते, म्हणजे पुढची सबब नको. चार माणसांसाठी.

सोमवार, खिचडी. दीड वाटी तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, दोन्ही धुऊन निथळत ठेवा. कुकरमध्येच तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद, ठेचलेला लसूण. कांदा, टोमॅटो, घरात असेल ती भाजी: गाजर, फरसबी, मटार, दुधीसुद्धा चालतो. डाळ-तांदूळ परता, मीठ-तिखट घाला, तिप्पट गरम पाणी. मऊ हवी तर चौपट. तीन-चार शिट्या. वाढताना तूप. पापड गॅसवर भाजता येतो, त्याला भांडं लागत नाही.

मंगळवार, वरणफळं. फोडणीतच वाटीभर तूरडाळ परतून, पाणी घालून कुकर लावा. शिजली की त्याच कुकरमध्ये घोटा, आणखी पाणी, गोडा मसाला, आमसूल, गूळ, मीठ घालून उकळी आणा. तोवर कणकेच्या दोन मोठ्या जाडसर पोळ्या लाटा. गोल नाही आल्या? उत्तम, कापायच्याच आहेत. शंकरपाळ्यासारखे तुकडे करून उकळत्या वरणात एकेक सोडा, आठ-दहा मिनिटं शिजू द्या. पोळी न येणाऱ्यांसाठीच हा पदार्थ देवाने केलाय.

बुधवार, मांसाहारी घरांत खिमा-मटार, कुकरमध्येच, आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतले पाव. शाकाहारी घरांत तोंडली घालून मसालेभात: तांदळाच्या दुप्पट पाणी, गोडा मसाला, दोन शिट्या, वर ओलं खोबरं.

गुरुवार, उकडपेंडी. कढईत फोडणी, कांदा, मिरची. त्यात जाडसर कणीक किंवा ज्वारीचं पीठ खमंग वास येईपर्यंत भाजा, मग आंबट ताकाचं पाणी शिंपडत हलवा आणि झाकण ठेवून वाफ आणा. वीस-पंचवीस मिनिटं.

शुक्रवार, पिठलं, आणि सकाळचा भात किंवा सकाळच्या पोळ्या. किंवा अंड्याची भुर्जी. शुक्रवारी कुणाकडून काय अपेक्षा करायची?

भांडी किती झाली? कुकर, सुरी, चिरायचा पाट, मोजायची वाटी, डाव. मंगळवारी पोळपाट-लाटणं धरा, सात. एकोणीस वजा सात हे गणित ज्याला रात्री दहाला भांडी घासायची असतात त्याला लगेच कळतं.

आता ठरलेले आक्षेप.

"पौष्टिकतेचं काय?" तांदूळ-गव्हासारख्या धान्यात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात मिळतं. म्हणून डाळ-तांदूळ एकत्र हा नुसता स्वस्त नव्हे, शहाणा आहार आहे. वर दोन भाज्या आणि एक वाटी दही आलं की आणखी काय पाहिजे? घरात मधुमेह असेल तर तांदूळ कमी, डाळ आणि भाजी जास्त, किंवा तांदळाऐवजी दलिया. तोही कुकरमध्येच शिजतो.

"आमच्या आईंना भाकरी लागते, त्यांना भात पचत नाही." मग द्या ना भाकरी. आपल्या गावात पोळी-भाजी केंद्र नाही असा चौक दाखवा. दोन भाकऱ्या तिथून आणा. त्यासाठी चौघांचा स्वयंपाक कशाला? आणि जाता जाता बघून घ्या, त्या केंद्रात तासन्‌तास भाकऱ्या थापणाऱ्या बायकांना त्या कामाचे पैसे मिळतात. म्हणजे काम मोलाचं आहे हे बाजाराला कळतं, फक्त घराला कळत नाही.

"आम्ही पोळ्यांना बाई ठेवलीय, आमच्याकडे हा प्रश्नच नाही." अहो, प्रश्न तुमच्या घरून तिच्या घरी गेला, एवढंच. तुमच्या, माझ्या आणि आणखी चार घरच्या पोळ्या लाटून त्या मावशी रात्री नऊला आपल्या खोलीवर पोचतात. तिथे त्यांची वाट कोण बघतंय? भुकेला नवरा आणि दोन पोरं. दिवसभरात शंभर पोळ्या लाटलेल्या हातांनी घरच्या वीस पोळ्या लाटायच्या. एका भांड्याच्या जेवणाची खरी गरज त्यांना आहे, आणि त्यांच्या घरात खिचडी करणारा दुसरा हात तयार होण्याची गरज तर माझ्या-तुमच्यापेक्षा जास्त.

"सगळे एकत्र बसून चौरस जेवतात, ते संस्कार." संस्कार एकत्र बसण्यात आहे ना? मग सगळे बसू द्या. गरम पोळी हवी म्हणून एक जण तव्यापुढे उभी आणि बाकीचे पानावर, याला एकत्र जेवण म्हणत नाहीत. कुकर मधोमध ठेवला की पाचही जण एका वेळी बसतात. आमच्याकडे आता बसतात.

आणि शेवटचा, सगळ्यात लबाड आक्षेप: "छान कल्पना आहे, आजपासून तू रात्री वन पॉटच करत जा." नाही! इथेच गाडी घसरते. मेनू बदलला आणि करणारी तीच राहिली, तर २९९ ची २८९ होतील, आणखी पाच वर्षांनी २७९ होतील, आणि आपण त्याला प्रगती म्हणू. मेनू सोपा करायचा तो पाळी लावता यावी म्हणून. पाच रात्री आहेत. आमच्या घरात सोमवार नवऱ्याचा, गुरुवार नववीतल्या मुलाचा. मुलगी सहावीत आहे, ती कांदा-लसूण सोलते आणि तिच्याआधी मुलाला शिकवलंय, मुद्दाम. सासूबाईंनी पहिले दोन आठवडे नाक मुरडलं. आता नातवाच्या उकडपेंडीत ताक कमी पडलं की त्याच सांगतात. ज्याने रांधलं त्याने त्या रात्री भांडी घासायची नाहीत, हाही नियम आहे. आणि काय शिजवायचं, घरात डाळ आहे का, गॅस कधी संपेल हे ज्याचा वार त्यानेच लक्षात ठेवायचं. "सांग ना, काय करू?" हा फोन मला ठाणे स्टेशनवर आला तर तो वार माझाच धरला जातो, म्हणून तो येत नाही.

फॉरवर्ड टाकणाऱ्या काकांना एवढंच सांगणं आहे. तुम्ही रिटायर आहात, सकाळी कट्ट्यावर असता, संध्याकाळी मोकळे असता. तुमची सून पावणेआठला घरात शिरते. एक दिवस साडेसातला दीड वाटी तांदूळ आणि वाटीभर डाळ धुऊन ठेवा. फोडणी करा. तीन शिट्या मोजा, तेवढं गणित तुम्हाला येतं. सून दारात आली की म्हणा, "ये बाळा, हात-पाय धू, खिचडी झालीय." मग ग्रुपवर त्या खिचडीचा फोटो टाका. पहिला अंगठा माझा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली कमेंटमध्ये भांडा, मी आहे. फक्त भांडायच्या आधी एक लिहा: काल रात्री तुमच्या घरी जेवण कुणी केलं, आणि ओट्यावर भांडी किती पडली होती?